वहिनींचं नाक

यादीत वर कोण दिसतं आणि खाली कोण, या एका गोष्टीवर मी नोकरीतली बरीच वर्षं घालवली. लोकांना सांगताना मी 'डिजिटल बाजारपेठांचं अर्थशास्त्र' म्हणते. समोरचा मान डोलावतो आणि विषय बदलतो, आणि मला ते बरंच वाटतं. मी मुळात कमी बोलणारी. कमी बोलणाऱ्या बाईच्या पोटात काही असेल असं कुणाच्या मनात येत नाही. माझ्या पोटात होतं. ते आता लिहिते आहे, आणि ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना विचारून लिहिते आहे. त्या म्हणाल्या, "लिहा. पण माझ्या तोंडी 'माफ केलं' वगैरे काही घालू नका."

सुरुवात कांद्यापासून झाली. पीएचडी करताना मी नामपूरच्या कांदा बाजारात महिनोन् महिने उभी असायची. ट्रॅक्टर रांगेत लागलेले, व्यापारी एकेका ट्रॉलीपाशी थांबून भाव पुकारत पुढे सरकायचे, आणि त्यांच्या मागे डोक्याला रुमाल बांधून मी. एकदा एकाच शेतातल्या दोन ट्रॉल्या आल्या. एक रांगेत पुढे लागली, दुसरी पार मागे, व्यापारी दमून चहाकडे बघायला लागतात त्या जागी. कांदा तोच, माती तीच, पण भाव वेगळा. शेतकरी चिडला, मी मात्र जागच्या जागी थिजले. इतके दिवस मी भाव बघत होते, आणि भावाच्या मागे ही रांग उभी होती. अंगावर काटा आला होता. पुढे माझं सगळं काम त्या एका काट्यावर उभं राहिलं.

तेव्हा मी ज्या घरी राहायची, त्या घरची मोठी मुलगी पुढे माझी वहिनी झाली. लग्न मीच जमवलं. वहिनी अजून चारचौघांत सांगतात, "ताई आल्या कांदा बघायला आणि मला पसंत करून गेल्या." दादाचं देवळाली कॅम्पात इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे, मागे घर. नामपूरहून वहिनी येताना काळा मसाला घेऊन आल्या, म्हणजे मसाल्याची कृती. कांदा, खोबरं, धने, मिरची, दगडफूल हे सगळं जळायच्या अगदी अलीकडे आणून थांबवायचं. त्या मसाल्याची शेवभाजी, भरीत आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. दुकानात बल्ब घ्यायला आलेल्या फौजी कुटुंबांतल्या बायका वासाच्या मागे मागे घराच्या दाराशी पोचायच्या. "भाभीजी, ये क्या बन रहा है?" यातूनच डबे सुरू झाले.

आमच्या शहरात काही इंजिनियर तरुणांनी घरगुती जेवणाचं अ‍ॅप काढलं तेव्हा त्यांनी मला सल्लागार म्हणून बोलावलं. कॉलेज रोडला एका कपड्यांच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर नाशिकचा नकाशा. मी गेले ती जेवणाच्या आधीची वेळ होती. नकाशावर एक ठिपका उमटला, मग आणखी एक, मग सातपूरच्या कारखान्यांकडून ठिपक्यांची झुंबड, इंदिरानगर, पंचवटी, पाथर्डी फाटा. सगळ्या शहराला भूक लागत होती आणि मी ती भूक लागताना बघत होते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मागणी म्हणजे कागदावरची एक उतरती रेघ असते. इथे ती श्वास घेत होती. मी खुर्ची असूनही उभीच राहिले. त्या तरुणांपैकी एकाला वाटलं, मॅडमना काहीतरी होतंय. त्याने पाणी आणलं.

वहिनींना त्या अ‍ॅपवर मीच घातलं. नोंदणी करताना शेवटी अटींचं लांबलचक पान आलं. "हे काय हो?" त्यांनी विचारलं. "नेहमीचं असतं," मी म्हटलं, आणि त्यांचं बोट धरून 'मान्य आहे' वर टेकवलं. यादीतला क्रम सुधारणांसाठी कधीही बदलला जाऊ शकतो, हे त्या पानावर होतं. मला ठाऊक होतं, कारण तो मजकूर मी तपासून दिला होता.

मग साथ आली. वहिनींचं तापावर निभावलं, पण वास गेला. त्या दिवसांत त्या फिनेलची बाटली नाकाला लावून बसायच्या. काहीच येत नसे. दुखणाऱ्या पायाबद्दल बोलता येतं, न येणाऱ्या वासाबद्दल काय बोलणार? पुष्कळ दिवसांनी एका सकाळी त्यांचा फोन आला. नमस्कार नाही, कशा आहात नाही. "ताई, धने आले!" हळूहळू बाकीचं सगळं परतलं, डबे पुन्हा सुरू झाले आणि कॅम्पापासून नाशिकरोडपर्यंत त्यांचं जेवण जाऊ लागलं.

आता त्या अ‍ॅपवर मी केलेल्या प्रयोगाचं सांगते. प्रश्न साधा होता. यादीत वर असलेला विक्रेता चांगला म्हणून खपतो, की वर आहे म्हणून? खरं उत्तर मिळवायचा एकच मार्ग होता. काही विक्रेत्यांना, ते कसेही असोत, चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडायचं, काही काळ तळाला न्यायचं आणि बघायचं. विक्रेत्यांना सांगायचं नाही, कारण सांगितलं की ते वेगळं वागतात. चिठ्ठ्या संगणकाने टाकल्या. खाली जाणाऱ्यांत वहिनींचा नोंदणी क्रमांक होता.

आपल्या नात्यातलं माणूस प्रयोगात ठेवू नये, आधीच वगळावं, हे मी वर्गात शिकवते. मी वगळलं नव्हतं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की गडबडीत विसरले, आणि निवड झाल्यावर एकाला काढणं म्हणजे लबाडी झाली असती. दुसरा भाग खरा आहे. पहिला नाही. मी विसरले नव्हते. या प्रयोगातलं एक तरी घर मला आतून दिसावं, असं मला वाटत होतं. कांद्याच्या बाजारात मी रांग बघितली होती, पण शेतकऱ्याच्या घरी तो भाव घेऊन कोण कसं पोचतं ते बघितलं नव्हतं. ती हाव होती. तिला शास्त्राचं नाव देता येतं, म्हणून ती मला बरी वाटली.

आणि काय दिसलं! पहिल्याच आठवड्यात पडद्यावरचे ठिपके वळले. कालव्याचं दार बोटभर सरकवावं आणि सगळं पाणी दुसऱ्या पाटाने निघावं, तसे. मी एक आकडा बदलला होता आणि हजारो माणसांची जेवायची वाट बदलली होती. कुणाला काही कळलं नाही. ज्यांनी दुसरीकडून मागवलं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं की आज आपल्याला हेच खायचं होतं. माणसाची आवड इतकी मऊ असते? मी ऑफिसातून निघाले तेव्हा रस्त्यावरची माणसंसुद्धा मला वेगळी दिसायला लागली. भीती वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला. तो आनंद मी आजवर कुणाला सांगितला नव्हता.

एका रविवारी कॅम्पात गेले. वहिनींनी ताट वाढलं आणि समोर बसल्या.

"खरं सांगा. भाजीला वास येतोय का?"

"छान येतोय."

"छान म्हणजे कसला?"

"मसाल्याचा."

"घ्या! एवढं शिकून मसाल्याचा वास 'मसाल्याचा'. अहो, दगडफूल पुढे येतंय का, की नुसतीच मिरची चढतेय?"

"काय झालं पण?"

दादा म्हणाला, "ऑर्डरी आटल्यात. मी मोबाइलमध्ये बघितलं ना. खाली खाली सरकवत गेलो, अंगठा दुखायला लागला तेव्हा कुठे ही दिसली. पार तळाला."

"दहावीच्या निकालासारखंच आहे ते," वहिनी म्हणाल्या. "चव उतरली की नाव उतरणारच. उगीच कोण खाली टाकेल?"

हे मला अपेक्षित नव्हतं. त्यांना क्रम दिसला होता. क्रम म्हणजे आपल्या हाताला मिळालेले गुण, असं त्या धरून चालल्या होत्या. मी भाकरीचा घास तोंडात घातला आणि तो चावत राहिले.

"नाक आलंच नाही माझं," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं आलं. आठवणीतला वास येत असेल. खरा नसेल."

दादाला हे ऐकवेना. त्याने मसाल्याचे डबे ओट्यावर मांडले, वहिनींच्या डोळ्यांवर त्यांचाच पदर बांधला आणि एकेक झाकण उघडून डबा नाकाखाली धरू लागला. "लवंग," वहिनी म्हणाल्या. "बडीशेप. हे मिरे. हं, हे तेजपान, जुनं झालंय, टाकून द्या. आणि हा रिकामा आहे. वेलची संपली म्हणून सांगितलं होतं, आणलीत?" एकही चुकलं नाही. दादाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

वहिनींनी पदर सोडला. त्यांचा चेहरा उतरलेलाच होता. "झाकणाच्या आवाजावरून ओळखते मी. प्रत्येक डब्याचा आवाज वेगळा आहे. तुम्ही दोघं मला बरं वाटावं म्हणून करताय."

आयुष्यात मी इतके पुरावे तपासले. माणूस आपल्या बाजूचा इतका धडधडीत पुरावा असा ढकलून देऊ शकतं, हे मी तिथे पाहिलं. यादीतल्या तळाच्या जागेपुढे स्वतःचं नाक खोटं पडलं. एक वाक्य बोलायचं होतं. 'वहिनी, तुम्हाला मी खाली टाकलंय.' ते वाक्य बोललं की प्रयोग बिघडत होता. मी निघताना रिक्षात बसून वहिनींचं बोलणं उतरवून घेतलं, जसंच्या तसं.

पुढच्या महिन्यात त्यांनी मसाला बदलला. दगडफूल काढलं, खोबरं-कांदा बदामी झाला की उतरवायचा, टोमॅटो, साखर, वरून साय. "कसं, सगळ्यांना चालेल असं," त्या म्हणाल्या. चव वाईट नव्हती. ती कुठचीही असू शकली असती.

दिवाळीच्या तोंडावर प्रयोग संपला आणि आम्ही सगळ्यांना आपापल्या जागी नेलं. ऑर्डरी परत आल्या. वहिनींचा फोन आला, आवाज खणखणीत. "ताई, आली गाडी रुळावर! मसाला बदलला आणि आले बघा लोक. म्हणजे नाकच गेलं होतं माझं. आता मी डोळ्यांनी करते, बदामी दिसलं की गॅस बंद."

मी म्हटलं, "वा!"

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं इतकंच आहे.

त्या कामाने मला नाव दिलं. विशेषतः एका निष्कर्षाने, की मागणी घटली तर छोटे विक्रेते क्रमाला दोष देत नाहीत, स्वतःच्या हाताला देतात. लोकांना तो फार आवडला. नियम ठरवणाऱ्या समितीने दिल्लीला बोलावलं. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर घड्याळ. एका वरिष्ठ बाईंनी विचारलं की विक्रेत्यांना हे समजतं का. मी म्हटलं, नाही, त्यांना वाटतं आपलंच काही चुकलं. मग सगळी डोकी वाकली आणि लिहू लागली. आपल्या तोंडचं वाक्य एका देशाच्या नियमाकडे चालत जाताना बघणं, हे मी शब्दांत सांगू शकत नाही. क्रम कशावरून लागतो हे विक्रेत्याला कळलं पाहिजे, असं कलम पुढे मसुद्यात आलं. माझ्याच घरातल्या विक्रेतीला मात्र मी काहीच कळवलं नव्हतं. विमानात मी पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते, आणि खाली ढगांशिवाय काही नव्हतं.

नंतरची वर्षं मी स्वतःला सांगायचे की आता बोलून काय होणार, त्यांचं चाललंय ना. चाललंच होतं. डबे जात होते. घरात मात्र तो जुना मसाला पुन्हा झाला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात, मसाले करायच्या दिवसांत, मी कॅम्पात होते. भाच्याचं लग्न होऊन थोडेच महिने झाले होते. सून घोटीची, हसरी आणि बडबडी. ती वहिनींना म्हणाली, "मम्मी, हे सांगत होते पूर्वी काळा मसाला असायचा घरात. तो शिकवा ना."

"तो नाही जमत गं आता. जळायच्या अलीकडे थांबावं लागतं, ते नाकाला कळतं. माझं नाक राहिलं नाही. तू आपला बाजारचा आण."

त्या हे सहज बोलल्या, चष्म्याचा नंबर वाढल्याचं सांगावं तसं. आणि मला दिसलं की हे आता इथेच संपणार. नामपूरहून निघालेली ती चव एका सुनेपर्यंत येऊन थांबणार, आणि कारण विचारलं तर सगळे वहिनींचं नाक सांगणार.

"वहिनी, तुमचं नाक ठीक आहे," मी म्हटलं. "तेव्हाही होतं. तुमच्या ऑर्डरी माझ्यामुळे गेल्या. आमच्या प्रयोगात तुम्हाला तळाला टाकलं होतं. मला माहीत होतं."

"काय सांगतसा?" त्यांच्या तोंडून माहेरची बोली निघाली. मग शांतपणे, "नीट सांगा."

मी सांगितलं. कांद्याच्या रांगेसारखं समजावलं, ते त्यांना लगेच कळलं. त्या त्याच बाजाराशेजारी वाढलेल्या.

"म्हणजे तुम्ही इथे बसून भाकरी खात होतात आणि तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"माझे डोळे बांधले, तेव्हा?"

"हो."

दादा उठला आणि दुकानात निघून गेला. सून कोथिंबीर निवडत होती, तिचे हात थांबले.

वहिनी चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं ते वेगळंच. "मग आधी मी वर होते, तेव्हा लोक येत होते ते? ते माझ्या हाताचं खायला येत होते, की वर दिसले म्हणून?"

हा प्रश्न समितीतल्या कुणीही विचारला नव्हता. नाक परत देताना मी त्यांच्याकडून काय काढून घेत होते, ते मला त्या क्षणी कळलं.

"पहिल्यांदा येणारे, वर दिसल्यामुळे," मी म्हटलं.

"आणि परत येणारे?"

"ते चवीसाठी. तुम्ही तळाला होतात तेव्हाही काही जण सगळी यादी सरकवत खाली येत होते, तुम्हाला शोधत. तसं सहसा कुणी करत नाही. आम्हाला नवल वाटलं होतं."

त्यांचा चेहरा थोडा उजळला. "कधीपर्यंत?"

इथे थांबता आलं असतं. "तुम्ही मसाला बदललात, तोपर्यंत."

वहिनींनी ओट्यावरचं फडकं उचललं आणि स्वच्छ असलेला ओटा पुसायला घेतला. बराच वेळ पुसत राहिल्या. "कोण होते ते?"

"नाही सांगता येणार. आमच्याकडे नावं नसतात. गिऱ्हाइकांची ओळख पुसलेली असते."

"माझी बरी नाही पुसलीत," त्या म्हणाल्या. आणि मग, अगदी सासरच्या माणसाशी बोलावं तशा, "वन्सं, तुम्ही आता निघा."

त्यानंतर फोन आला नाही. मीही केला नाही. एकदा दुकानाच्या समोरून बसने गेले. दादा आत होता, त्याने बघितलं नाही, किंवा बघितलं आणि बघितलं नाही.

मग एके दिवशी सुनेचा फोन आला. "आत्या, मम्मींनी बोलावलंय. मसाला करतायत." मागून वहिनींचा आवाज आला, "बोलावलं नाही म्हणावं. यायचं तर या म्हटलंय."

मी गेले. मागचं दार सताड उघडं, खिडक्या उघड्या, तरी घर धुराने भरलेलं. मला कुणी बस म्हटलं नाही. मी भिंतीशी उभी राहिले. धने, मिरच्या भाजून वेगळ्या ताटांत निघाल्या होत्या. कढईत आता कांदा-खोबरं होतं, आणि ते बदामी रंगाच्या केव्हाच पुढे गेलं होतं. वहिनींचा झारा चालू होता, पण खांदे आखडलेले. त्यांनी कढईवर वाकून वास घेतला. पुन्हा घेतला.

"जळतंय का गं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"मला काय कळतंय, मम्मी! आमच्या घोटीला भात न् आमटी. तुम्ही सांगा."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, विचारतील. माझ्या नाकाला तर नुसता धूर येत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांच्या जागी मी असते तर केव्हाच गॅस बंद केला असता. त्यांनी विचारलं नाही. तोंड परत कढईकडे वळवलं आणि डोळे मिटून घेतले. झारा संथ झाला. सून खोकायची थांबली. त्या मिटल्या डोळ्यांमागे काय चाललं होतं, कुठल्या स्वयंपाकघरात त्या पोचल्या होत्या, ते मला कधीच कळणार नाही. पडद्यावर शहराची भूक उमटताना पाहिली, तेव्हाही मी इतका श्वास रोखला नव्हता.

"अजून," त्या म्हणाल्या. आमच्यापैकी कुणाला नाही.

मग त्यांनी डोळे न उघडता हात लांब करून गॅस बंद केला आणि कढई ताटात उपडी केली. काळसर खोबऱ्याचा एक तुकडा चिमटीत धरून सुनेच्या नाकाशी नेला.

"हा वास," त्या म्हणाल्या. "घे नीट. परत विचारायचं झालं तर मला विचार, बाकी कुणाला नाही."